हॉलिस गेंट्रीचं गिऱ्हाईक

माझ्या बहिणीने हॉलिस गेंट्रीला मारायचं ठरवलं तेव्हा पिस्तूल तिने त्याच्याकडूनच विकत घेतलं. घरात कपाटभर बंदुका असूनसुद्धा. त्या रविवारी मी तिच्यासोबत होते. जत्रेच्या मैदानावर जुन्या गोधड्या विकायला येतात, त्या बघायला निघालोय अशी माझी समजूत होती.

ओलेटा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नदीकाठच्या आमच्या पिकेट्सविलमध्ये लहानथोर सगळे तिला मिस ओलेटा म्हणत. इथे हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की शाळेत बाकं रिकामी पडतात. शाळेची बस मीच चालवते, त्यामुळे मला ठाऊक आहे. शिकारीचा परवाना काढण्याआधी पोरांना एक वर्ग करावा लागतो, आणि तो ओलेटाने बावीस वर्षं चर्चच्या तळघरात घेतला. बंदूक कशी धरायची, कुंपण ओलांडताना कुठे ठेवायची, बोट कधी चापाशी न्यायचं. शेरीफची दोन्ही मुलं तिच्याच हाताखालून गेली. बंदुकांवर बंधनं घाला म्हणणारे शहरातले लोक टीव्हीवर दिसले की ती आवाज बंद करायची. "यांनी जन्मात कधी हरीण सोललंय का?" असं विचारायची आणि खो खो हसायची.

केंड्रा तिची एकुलती एक मुलगी. ओलेटा दिवसभर कारखान्यात असायची, म्हणून केंड्रा वाढली माझ्या मांडीवर. लग्न केलं ते ब्रेट स्टँपरशी. दिसायला उमदा, बोलायला गोड, आणि हात उगारायला वेळ न लावणारा. तिसऱ्यांदा ओठ फुटला तेव्हा केंड्रा कपड्यांची एक पिशवी घेऊन आईकडे आली ती परत गेली नाही. कोर्टाने मनाई हुकूम काढला. ब्रेटने तिच्या आसपास फिरकायचं नाही आणि घरात बंदूक ठेवायची नाही. त्याच्या बंदुका शेरीफने उचलून नेल्या.

मार्चमध्ये ब्रेट बंदुकीच्या दुकानात गेला. दुकानदाराने नियमाप्रमाणे सरकारी तपासणीला फोन लावला, नाव सांगितलं, पलीकडून नकार आला. पिस्तूल परत काचेच्या कपाटात गेलं. इथपर्यंत कायद्याने आपलं काम चोख केलं. चार दिवसांनी रविवार होता. जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये बंदुकांचा बाजार भरला होता. ब्रेट तिथे गेला आणि अर्ध्या तासात पिस्तूल घेऊन बाहेर पडला.

मंगळवारी दुपारी, केंड्रा काम करायची त्या दातांच्या दवाखान्यामागे गाड्या लावतात तिथे, ती आपल्या गाडीत बसून डबा खात होती. त्याने काचेतून तीन गोळ्या घातल्या. चौथी स्वतःला.

सगळ्यात वाईट काय झालं असेल तर ती चौथी गोळी. ज्याचा गळा धरायचा तो आधीच मातीत गेला. ओलेटा दफनाच्या वेळी रडली नाही, नंतरही रडली नाही. एखाद्याच्या हातात धोंडा असावा आणि समोर कुणीच उरलेलं नसावं, तशी ती घरभर हिंडायची.

एप्रिलमध्ये शेरीफ घरी आला. मी तिथेच होते. पिस्तुलावरच्या नंबरावरून विकणारा सापडला होता. शेजारच्या काउंटीतला हॉलिस गेंट्री, निवृत्त माणूस.

"मग पकडलंत का त्याला?" ओलेटाने विचारलं.

"कशासाठी पकडणार, मिस ओलेटा? तो दुकानदार नाही. स्वतःजवळच्या बंदुका विकतो. एका साध्या माणसाने दुसऱ्याला विकली, तर आपल्या राज्यात नावगाव विचारायची सक्ती नाही."

"म्हणजे गुन्हा नाही?"

"नाही."

"साधा दंड?"

"नाही हो."

"पत्र तरी जातं का त्याला कसलं?"

शेरीफ टोपीची कड चाचपत राहिला. "मी फोन केला होता. फार वाईट वाटलं म्हणाला. मुलगा सभ्य दिसत होता, येस सर, नो सर करत होता म्हणे."

शेरीफची गाडी वळणाआड गेली तसा ओलेटाचा चेहरा बदलला. कित्येक आठवड्यांनी तिने मनापासून जेवण केलं. मला वाटलं, चला, मन शांत झालं. माझी अक्कल ती!

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात या विषयावरून रणं माजली. माझा नवरा व्हर्जिल मनाने साधा, पण जिभेला हाड नाही. एकदा जेवताना म्हणाला, "कायदे करून काय होतंय? ब्रेटला पिस्तूल मिळालं नसतं तर त्याने सुरा घेतला असता."

ओलेटाने काटा खाली ठेवला. "सुरा घेऊन आला असता तर केंड्राने गाडी सुरू केली असती. गाडीबाहेर असती तर पळाली असती. शाळेत तिच्यापुढे कुणी धावलं होतं का रे? तू स्वतः टाळ्या पिटायला जायचास ना?"

"मी आपलं म्हटलं, ओलेटा. हे वाक्य मी तुझ्याकडूनच शिकलोय."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "माझीच वाक्यं आता लोक मला ऐकवतात."

सप्टेंबरात आम्ही त्या शेडमध्ये शिरलो. गोधड्यांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. टेबलांच्या रांगांमधून सरळ चालत गेली आणि एका कोपऱ्यात थांबली. हिरवं कापड अंथरलेलं टेबल, त्यावर दहाबारा पिस्तुलं, शेजारी पेपरमिंटच्या गोळ्यांचा वाडगा. मागे सत्तरीचा गुबगुबीत म्हातारा, विजार खांद्यांवरून लाल पट्ट्यांनी पेललेली. "या बाईसाहेब, गोळी घ्या आधी. खायची!" असं म्हणून स्वतःच हसला.

ओलेटाने एक पेपरमिंट तोंडात टाकली. "घरात ठेवायला काहीतरी हवंय."

"एकट्याच राहता का?"

"आता एकटीच."

"अरेरे. मग हे बघा. लहान आहे, बाईमाणसाच्या हाताला बसतं. चालवलंय का कधी?"

"थोडंफार," ओलेटा म्हणाली. बावीस वर्षं वर्ग घेतलेली माझी बहीण! मी तिच्याकडे बघतच राहिले.

त्याने तिला पिस्तूल कसं धरायचं ते शिकवलं, तिचं बोट हलकेच बाजूला केलं, आणि तिने गरीब गाय होऊन शिकून घेतलं. पैसे देताना विचारलं, "नाव वगैरे लिहून घेत नाही का तुम्ही?"

"छे! मी काय सरकार आहे? चेहरा बघितला की माणूस कळतो मला. चाळीस वर्षं झाली या धंद्यात."

"माझ्या चेहऱ्यात काय दिसतं?"

"देवाला भिऊन वागणारी बाई दिसते," हॉलिस म्हणाला आणि पिस्तूल कमरेला लावायचं कातडी म्यान वर फुकट दिलं.

पिकअपमध्ये बसल्यावर तिने पेपरमिंटचा तुकडा रुमालात थुंकला. "हाच तो. ब्रेटला यानेच दिलं. याच्याच मालाने याला मारणार मी, आर्डिथ. तू कुणाला सांगितलंस तर तू माझी बहीण नाहीस."

मी सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हातापाया पडले, देवाच्या शपथा घातल्या, तुरुंगात सडशील म्हटलं. ती म्हणाली, "इथे काय मी नाचतेय?"

हॉलिस दर गुरुवारी सकाळी आपल्या चर्चमागच्या दफनभूमीतलं गवत कापायचा. ऑक्टोबरात ओलेटा तीन गुरुवार रस्त्यापलीकडे पिकअप लावून बसली. चौथ्या गुरुवारी पिस्तूल भरलं, पिशवीत घातलं आणि उतरली. पुढचं तिने मला त्याच दुपारी सांगितलं. बसच्या फेऱ्यांमधल्या वेळात मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते.

ती गवतावरून चालत गेली. हॉलिसने यंत्र बंद केलं. टोपी काढून कपाळ पुसलं. तिला ओळखलंच नाही. म्हणाला, "कुणाची कबर शोधताय का?"

"मुलीची," ती म्हणाली.

"इथली का?"

"नाही. चुकून इथे आले."

त्याने तिला गाडीतून थंड चहा आणून दिला. वर ऊन होतं, कापलेल्या गवताचा वास होता, आणि तो समाधानाने म्हणाला, "एवढ्या वयात देवाने मला काही कमी ठेवलेलं नाही, बाई. रात्री डोकं टेकलं की सकाळीच उघडतो डोळा." ओलेटाचा हात पिशवीत होता. बोट कुठे ठेवायचं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ती चहा प्यायली, ग्लास परत दिला आणि निघून आली.

"देव पावला गं!" मी रडायलाच लागले. "तुला दया आली."

"दया?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं रडणं थांबलं. "अगं, मी चाप ओढला असता तर त्याला कळलंसुद्धा नसतं की कोण होते मी. उन्हात उभा होता, पोट भरलेलं, मन भरलेलं. एका क्षणात, सुखात मेला असता. केंड्राला काचेपलीकडून येताना दिसला होता ब्रेट. तिच्या हातातला डबा खाली पडला होता, शेरीफने सांगितलं मला. तिला कळलं होतं. मग यालाही कळायला हवं."

फेब्रुवारीत विधानभवनात एक विधेयक आलं. खाजगी विक्रीतसुद्धा दुकानासारखीच नाव सांगून तपासणी करावी, इतकंच. बातमीत लिहिलं होतं की बाजारात टेबल लावणाऱ्यांच्या वतीने समितीपुढे हॉलिस गेंट्री बोलणार आहे. ओलेटाने बातमी वाचली आणि आपलंही नाव नोंदवलं.

गाडी व्हर्जिलने चालवली. दारावरच्या पहारेकऱ्याने माझी छत्री काढून घेतली. आत छत्री न्यायला बंदी होती, तिचं टोक लागू शकतं म्हणून. ओलेटाच्या कमरेला कातडी म्यानात पिस्तूल उघड लटकत होतं. त्याला बंदी नव्हती. "पुढे व्हा, मॅडम," तो म्हणाला.

खोली गच्च भरली होती. एका बाजूला बंधनांच्या विरोधातले लोक टोप्या घालून, दुसऱ्या बाजूला मेलेल्या माणसांचे फोटो छातीशी धरून बसलेले. आधी हॉलिस बोलला. छान बोलला, खोटं कशाला सांगू. आजोबांची बंदूक, बापाने शिकवलेली शिकार, शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा विश्वास. "सरकारच्या यंत्रापेक्षा माझे डोळे चांगले आहेत," तो म्हणाला. "एकदा चूक झाली. त्या मुलीसाठी मी प्रार्थना करतो. पण माणसाच्या काळजात कुणाला डोकावता येतं?" टोपीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग ओलेटा उठली. तीन मिनिटं मिळणार होती.

"माझं नाव ओलेटा क्रॅबट्री," ती म्हणाली. "हे मुद्दाम सांगते, कारण आत्ता बोललेल्या गृहस्थांनी मला ते विचारलं नव्हतं. सप्टेंबरात त्यांनी मला हे पिस्तूल विकलं. माझ्या चेहऱ्यात त्यांना देवाला भिणारी बाई दिसली. मी केंड्राची आई आहे. मिस्टर गेंट्री, ज्या मुलीसाठी तुम्ही प्रार्थना करता, तिची. हे पिस्तूल मी तुम्हाला मारायला घेतलं होतं."

हॉलिसने मान वळवली. आता त्याने तिला ओळखलं, दोन्ही भेटींसकट. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं.

"ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तुम्ही मला चहा पाजलात. माझा दुसरा हात पिशवीत होता. आठवतंय? रात्री छान झोप लागते म्हणालात. तुमचं चर्च मला माहीत आहे. घर माहीत आहे. तुमच्या टेबलावरून आजवर किती जण काय काय घेऊन गेले, ते तुम्हाला माहीत नाही. मी त्यांतली एक. बाकीचे कुठे आहेत, कुणाला ठाऊक."

अध्यक्ष हातोडा आपटत होते. दोन पोलिसांनी तिचे दंड धरले. ती आपणहून चालत बाहेर गेली. आम्ही मागे धावलो. बाजूच्या खोलीत त्यांनी तिचं पिस्तूल उघडून पाहिलं तर आत एकही गोळी नव्हती. पोलिसांचे साहेब तासभर फोनवर बोलले. ती झालेल्या गोष्टीबद्दल बोलली होती, पुढे काही करीन असं म्हणाली नव्हती. पिस्तूल रीतसर विकत घेतलेलं होतं. शेवटी साहेबांनी ते तिच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "बाहेर पायऱ्यांवर बर्फ आहे, मॅडम. जपून जा."

विधेयक अकरा विरुद्ध पाच मतांनी पडलं. येताना गाडीत मी हळहळले तर ओलेटा म्हणाली, "ते पडणारच होतं. मी त्यासाठी गेले नव्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या शेडमध्ये आली आणि व्हर्जिलला म्हणाली, "याचे तुकडे कर." व्हर्जिलने चष्मा लावला, लोखंड कापायचा ग्राइंडर काढला आणि पिस्तुलाचे पाच तुकडे केले. बंदूक मोडायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं असणार, पण तुकडे त्यानेच डब्यात गोळा केले. ते तुकडे भंगारात गेले. "हे आपल्या तिघांत राहायचं," ओलेटाने बजावलं.

हॉलिसचं टेबल पुढच्या बाजारात दिसलं नाही. त्यानंतरच्याही नाही. एप्रिलमध्ये एके दुपारी तो ओलेटाच्या दारात उभा राहिला. मी खिडकीतून बघितलं तर आधी ओळखलाच नाही. लाल पट्टे होते, पण त्यांच्या आतला माणूस निम्मा झाला होता.

ओलेटाने जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच बोलली. "काय हवंय?"

"ते पिस्तूल मला परत द्या, मिस ओलेटा. म्हणाल ती किंमत देतो."

"विकायचं नाही."

"मग एवढं तरी सांगा, की तुमच्या मनात आता..." त्याला वाक्य पुरं करता येईना. "मी झोपत नाही हो. गाडीचा आवाज आला तरी उठतो. बायकोने गवत कापणं बंद करायला लावलं. मी त्या पोराला ओळखत नव्हतो. देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

"कायद्याने विचारायची गरज नव्हती."

"बरोबर. आणि कायद्याने मला उत्तर द्यायचीही गरज नाही."

तो तिथेच उभा राहिला. मग जाळीवर कपाळ टेकवून रडला, लहान मुलासारखा, नाक ओढत. ओलेटा हाताची घडी घालून बघत होती. माझ्या जिभेवर शब्द आले होते, जा बाबा घरी, ते भंगारात गेलं कधीच. ओलेटाने मागे न वळता मला म्हटलं, "आर्डिथ, केटली बघ." केटली ठेवलेलीच नव्हती. मी तरीही स्वयंपाकघरात गेले.

"तुझं समाधान झालं का?" तो गेल्यावर मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं होईल. पण त्याला झोप लागली असती, तर त्याहून वाईट वाटलं असतं." शिकारीचा वर्ग तिने पुन्हा कधी घेतला नाही. कपाटातल्या बंदुका मात्र ठेवल्या. वडिलांच्या आहेत म्हणाली.

ऑगस्टमध्ये मला एक फोन आला. हॉलिसची बायको होती, नेडीन. ओलेटा तिचे फोन उचलत नाही, म्हणून माझा नंबर शोधला होता. आवाज मऊ आणि थकलेला. म्हणाली, हॉलिस आता पुढच्या ओट्यावर बसत नाही. पडदे उघडू देत नाही. जेवताना खिडकीकडे पाठ करायला घाबरतो. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंय.

"तुम्ही तिची बहीण आहात," नेडीन म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल. ते अजून तिच्याजवळ आहे का? नाही म्हणालात तर मी त्याला जाऊन सांगते. तुमचा शब्द पुरेल मला. एवढं करा माझ्यासाठी."

मी स्वयंपाकघरात उभी होते. खिडकीतून व्हर्जिलची शेड दिसत होती. या सगळ्या प्रकरणात मी ओलेटाला थांब थांब म्हणत आले होते, आणि मी तिच्यासारखी नाही असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. मला केंड्रा आठवली. चार वर्षांची, तापाने फणफणलेली, रात्रभर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली.

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

नेडीन म्हणाली, "बरं. थँक यू, मॅम," आणि फोन ठेवला. अडीचची बस काढायची होती. मी चाव्या उचलल्या. शेडचं दार उघडं होतं, त्याला जाताना कडी घातली.